सदुसष्टचा घोळ : २ चा ६७वा घात वजा १

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. अंक एकवीस. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या त्याच्या हजारपटीच्याही पुढची. सव्वादोनशेहून अधिक वर्षं ती मूळ संख्यांच्या पंगतीत बसून होती.

तिला तिथे बसवलं पॅरिसमधल्या एका पाद्र्याने, १६४४ मध्ये. २ चा घात काढून त्यातून १ वजा करायचा; घातांक २५७ पर्यंत घेतले तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते, असं त्याने लिहून टाकलं. घातांक मूळ असला म्हणजे पुरतं असं नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. ११ घेतला तर २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९.

१८७६ मध्ये ६७ बाद झाला, १८८३ मध्ये ६१ खरा निघाला. मग एक मत पसरलं : मुळात ६१च लिहिलं असणार, छापताना १ चा ७ झाला. मला हे जरा सोयीचंच वाटतं. यादीतला प्रत्येक आकडा २ च्या एखाद्या घातापासून १ ने, नाहीतर ४ च्या घातापासून ३ ने दूर आहे. १३ म्हणजे १६ वजा ३, ३१ म्हणजे ३२ वजा १, २५७ म्हणजे २५६ अधिक १. पाद्रीबुवांच्या मनात हाच ठोकताळा असावा, असं काहींना वाटतं. पण त्यात ६१ही बसतो (६४ वजा ३) आणि ६७ही (६४ अधिक ३). मग दोघांतला एकच का आला? बरं, खिळे जुळवणाऱ्याच्या माथी दोष मारला तरी यादीतल्या पाच चुकांपैकी दोनच मिटतात. ८९ आणि १०७ सुटलेले ते सुटलेलेच, आणि २५७ खोटा तो खोटाच.

६७ बाद झाला तो एका वेगळ्याच रीतीने, एकही अवयव न सापडता. त्या रीतीचं पुढे सुटसुटीत झालेलं रूप असं : ४ पासून सुरुवात, वर्ग करायचा, २ वजा करायचे, संख्येने भागून बाकी घ्यायची. ३१ या संख्येसाठी (२ चा ५वा घात वजा १) ४, १४, ८, ०. ठरलेल्या पायरीला शून्य आलं की संख्या मूळ. ६७ घातांकाच्या संख्येला ते येत नाही.

अवयव मिळाले १९०३ मध्ये. ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या एका सभेत एक प्राध्यापक फळ्यापाशी गेले. आधी घाताचा हिशेब मांडला, शेजारी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्हीकडची उत्तरं जुळली आणि ते न बोलता जागेवर जाऊन बसले. या कामाला ‘तीन वर्षांचे रविवार’ लागले, ही गोष्ट मागाहून सांगितली गेलेली. तिखटमीठ किती, कोण जाणे. या संख्येचा कुठलाही अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तरी लहान अवयवापाशी पोचायला १३४ ची पट १४,४५,५८० लागते. नुसते भागाकार करत बसण्यात अर्थ नव्हताच.

यादीचा पुरता निकाल १९४७ मध्ये लागला. आता हेच अवयव फोनवर चुटकीसरशी निघतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ या घातांकाची मूळ संख्या जाहीर झाली. तिचे अंकच ४,१०,२४,३२०. पहिली चाहूल वेगळ्या चाचणीने लागली होती, शिक्कामोर्तब मात्र त्याच वर्ग करून दोन वजा करण्याच्या रीतीने झालं.