पोटाच्या डॉक्टरांकडे जाण्याआधीचे पंधरा दिवस

पोटविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत बसल्याबसल्या बहुतेक पेशंट एकच वाक्य बोलतात: 'डॉक्टर, अ‍ॅसिडिटी आहे.' छातीत जळजळतं त्याला अ‍ॅसिडिटी म्हणतात, चार घासांत पोट गच्च होतं त्यालाही आणि सकाळी उठल्यावर मळमळतं त्यालाही. डॉक्टरांच्या दृष्टीने ही तीन वेगळी दुखणी असू शकतात. म्हणून 'गॅस', 'पित्त', 'अ‍ॅसिडिटी' हे निष्कर्ष बाजूला ठेवा आणि जे होतं तेच सांगा. दुखतं ती जागा एका बोटाने दाखवा. जेवणानंतर किती वेळाने दुखतं? कळ पाठीत जाते का? शौचाला झाल्यावर आराम पडतो का? दुखण्याने झोपेतून जाग येते का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. आयबीएसचं (आतड्याला इजा नसूनही त्याचं काम बिघडतं, त्या आजाराचं) दुखणं सहसा गाढ झोपेतून उठवत नाही. व्रण (अल्सर) किंवा आतड्याची सूज उठवू शकते.

प्रत्येक ढेकरेसाठी तज्ज्ञ लागत नाही, आधी फॅमिली डॉक्टर पुरतात. पण प्रयत्न न करता वजन उतरणं, घास अडकणं, शौचातून रक्त, कावीळ, कारण न सापडणारा रक्तक्षय यांपैकी काही असेल तर थांबू नये. रक्ताची उलटी झाली, किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखून दरदरून घाम फुटला, तर अपॉइंटमेंट न घेता थेट इमर्जन्सीत जावं. घाम फुटवणारी ती 'अ‍ॅसिडिटी' हार्ट अटॅक असू शकते.

पाटीवर 'गॅस्ट्रो' दिसलं की खालची पदवी वाचा. एमडी मेडिसिननंतर तीन वर्षांचं डीएम किंवा डीआरएनबी हे पोटविकारांचं पुढचं शिक्षण केलेले डॉक्टर म्हणजे गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट; ते औषधोपचार आणि दुर्बिणीच्या तपासण्या करतात. एमएसनंतर एमसीएच केलेले शस्त्रक्रिया करतात. पित्ताशयातले खडे त्रास देत असतील तर सर्जन लागतो. तोच खडा पित्तनलिकेत उतरून कावीळ झाली, तर तो बहुतेक वेळा दुर्बिणीतून गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट काढतात. मूळव्याध, फिशर, भगंदर यांसाठी सर्जन गाठावा. एंडोस्कोपीचा छोटा कोर्स म्हणजे डीएम नव्हे. शंका वाटली तर प्रिस्क्रिप्शनवरच्या नोंदणी क्रमांकावरून वैद्यकीय परिषदेकडे पडताळणी करता येते.

आता पंधरा दिवसांचा मुद्दा. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात राहतो आणि युरिएज नावाच्या विकराने युरिया फोडतो. श्वासाची तपासणी आणि एंडोस्कोपीतली झटपट चाचणी याच क्रियेवर चालते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यांपैकी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर जंतूंची संख्या घटते आणि युरिएजचं कामही मंदावतं. मग जंतू असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि पेशंट वर्षभर त्याच गोळ्या खात राहतो. या गोळ्या साधारण २ आठवडे आणि अँटिबायोटिक्स ४ आठवडे बंद असावी लागतात. अर्थात, अ‍ॅस्पिरिन चालू असेल किंवा पूर्वी व्रणातून रक्तस्राव झाला असेल तर फोन करून विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांनाही हाच नियम.

गव्हाची गोष्ट नेमकी उलटी. सीलिअ‍ॅक या गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं खराब करणाऱ्या आजाराची शंका आली की लोक आधी पोळी सोडतात आणि मग रक्त तपासतात. या तपासणीत ग्लूटेनमुळे तयार होणारी प्रतिद्रव्यं शोधतात. गहूच बंद केला की ती हळूहळू ओसरतात. तपासणी होईपर्यंत पोळी खात राहा. सोनोग्राफीला मात्र ६ ते ८ तास उपाशी जावं, कारण दुधाच्या चहानेसुद्धा पित्ताशय आक्रसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत.

औषधांची यादी पाठ करून जाऊ नका, पाकिटंच पिशवीत घालून न्या. गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी हे जठरातल्या व्रणाचं नेहमीचं कारण आहे, आणि ती 'पोटाची गोळी नाही' म्हणून हमखास सांगायची राहते. काढे, चूर्णंही सांगा. गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते. तशी असेल तर तो रक्तस्राव समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. शंका आली तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्याची किळस येत नाही.

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) ठरली तर तिचं यश बरंचसं तुमच्या हातात असतं. २-३ दिवस पेरू, टोमॅटो, तीळ, भेंडी टाळा, कारण बिया दुर्बिणीची शोषनळी अडवतात. मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण चालतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवाव्या. जुलाबाचं औषध २ लिटरचं असेल आणि तपासणी सकाळी १० ला, तर १ लिटर आदल्या संध्याकाळी आणि १ लिटर पहाटे ५ ला सुरू करून ८ च्या आत संपवायचं, दर १५ मिनिटांनी एक पेला. झोपमोड नको म्हणून सगळं रात्रीच पिणं ही नेहमीची चूक. रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित द्रव उतरून मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर थर बसतो, आणि तिथली चपटी गाठ त्याखाली झाकली जाते. शेवटी फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी पडलं पाहिजे. तपकिरी असेल तर दुर्बीण घालण्याआधीच सांगा. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर सोबत कोणीतरी हवं, आणि २४ तास गाडी चालवायची नाही.

रिपोर्टमध्ये दुर्बीण सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोचली का आणि आतडं किती स्वच्छ होतं, हे लिहिलेलं असावं. बाहेर काढताना भिंत निरखायला किमान ६ मिनिटं द्यावीत असा जुना निकष होता. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी तो ८ मिनिटं केला. त्याबद्दल विचारण्यात उद्धटपणा नाही.

बायोप्सीचा, म्हणजे तपासायला काढलेला, तुकडा मेणाच्या ठोकळ्यात (ब्लॉकमध्ये) वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. आपल्याकडे याचं महत्त्व जास्तच, कारण आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार सूक्ष्मदर्शकाखालीही पुष्कळदा सारखेच दिसतात, आणि क्रोन्समध्ये आराम देणारं स्टिरॉइड क्षयरोग भडकवतं. तुम्हाला किंवा घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल, तर कोणी विचारलं नाही तरी पहिल्याच भेटीत सांगा.