आंगवण, वचन आणि सांकवाळचा कागद

ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मरियेचं, फेस्त (सण) असतं. त्या दिवशी इगर्जीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही मुलं विकायला मांडलेली असतात. ज्याचा गुडघा दुखत होता तो पाय घेतो, ज्याला मूल झालं तो बाळ. आत सायबिणीला तेल वाहणाऱ्यांच्या रांगेत कुंकू लावलेली कपाळंही कमी नसतात. शिरगावची लईराई देवी ही सायबिणीची बहीण, असं आमच्या बार्देशात मानतात. एकीकडून तेल जायचं, दुसरीकडून मोगऱ्याची फुलं यायची. देवाला बोललेलं फेडायचं, याला कोकणीत ‘आंगवण’ म्हणतात, म्हणजे आपला नवस. हिंदू घरात आणि ख्रिस्ती घरात शब्द एकच.

तिसवाडीत तळावलीला सांत आनाच्या, म्हणजे मरियेच्या आईच्या, फेस्ताला जोडपी तवशी (काकड्या) वाहतात आणि मूल मागतात. लोक त्याला तवशांचं फेस्तच म्हणतात.

बायबलला हा व्यवहार अनोळखी नाही, पण त्याचं भयही तिथे आहे. बायबलातल्या उपदेशक या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट बजावलंय: नवस बोललास तर फेडायला उशीर करू नकोस, बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेलं बरं. शास्त्यांच्या पुस्तकातला इफ्ताह लढाई जिंकलो तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन असं बोलून बसतो, आणि सामोरी येते त्याची एकुलती एक मुलगी. येशू तर शपथाच नको म्हणतो. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. थोडक्यात, देवाशी घासाघीस करण्यापेक्षा साध्या बोलण्यातच माणूस खरा असावा.

ख्रिस्ती माणसाचं पहिलं वचन बाप्तिस्म्याचं. सैतानाचा त्याग आणि देवावर विश्वास, दोन्ही तीन-तीन प्रश्नांत विचारलं जातं. तान्ह्या मुलाच्या वतीने आईबाप आणि पाद्रिन-मादरिन, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, उत्तरं देतात. मोठेपणी तेच वचन स्वतःच्या तोंडाने द्यायची वेळ दरवर्षी ईस्टरच्या जागरणाला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, येते: दिवे मालवलेली इगर्ज, हातात पेटलेली मेणबत्ती, बोटांवर ओघळणारं मेण. ही प्रथा आज फार जुनी वाटते, पण जागरणाच्या विधीत ती आली १९५१ च्या सुधारणेनंतर.

गोव्यात या वचनाचा इतिहास मात्र सरळ नाही. सोळाव्या शतकात कोणी मनापासून ख्रिस्ती झाले, कोणी दडपणाखाली, कोणी जमीन आणि घर वाचवायला. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्धचे गुन्हे शोधणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि १७७४ ते १७७८ ची खंडित वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. जुन्या देवाला गुपचूप नारळ ठेवणारा त्या न्यायालयाच्या लेखी बाप्तिस्म्याचं वचन मोडणारा गुन्हेगार होता. सक्तीने घेतलेल्या होकाराला वचन म्हणायचं का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नव्हतं. आजच्या कॅथलिक धर्मकायद्यात मात्र अन्यायाने घातलेल्या गंभीर भीतीपोटी केलेला नवस निरर्थक ठरतो.

त्याच काळात दुसरी वाटही निघाली. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती, हातात दुसरं काही नव्हतं. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली. त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातच राशोलला रोमी लिपीत छापलं गेलं. आपण कशाला होकार दिला हे माणसाला आपल्या भाषेत कळल्याशिवाय निष्ठा कुठून येणार? माझ्या मते त्या ओव्यांचं मोल इथेच आहे.

आणि मग सांकवाळ. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ १६७६ मध्ये पाद्री झाले. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, सांकवाळच्या इगर्जीत त्यांनी मरियेच्या नावे एक कागद लिहून दिला: मी आजपासून कायमचा तुझा गुलाम. लक्षात घ्या, त्या काळी गोव्याच्या बाजारात खरोखरची माणसं विकली जात होती. गुलामीच्या कागदाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. त्या कागदात ‘तू हे दिलंस तर’ असं काही नाही. मागणी नाही, मुदत नाही. नवसापेक्षा हे वेगळं ते इथेच.

दहा वर्षांनी त्या कागदाची परीक्षा झाली. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती. तिथल्या कॅथलिक लोकांना वर्षानुवर्षं मिस्सा, म्हणजे पाद्रीने करायची मुख्य उपासना, मिळत नव्हती. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात तिथे उतरले. कँडीच्या राजाने त्यांना हेर समजून कैदेत टाकलं. सुटल्यावरही ते तिथेच राहिले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वारले. गोव्याला परतणं झालं नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. सांकवाळच्या त्या जुन्या इगर्जीचं आता फक्त दर्शनी तोंड उभं आहे, मागे आकाश.

म्हणून मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांना कमी लेखावं असं मला वाटत नाही. चर्चही त्यांना हाकलत नाही. उलट फेडता न येणारा नवस माफ करायचा किंवा बदलून द्यायचा अधिकार धर्मकायद्याने बिशपांना आणि पॅरिशच्या पाद्रींना दिलेला आहे.

आमच्या आईने माझ्या टायफॉइडच्या वेळी सायबिणीला तेल बोललं होतं आणि मग साफ विसरली. तीन वर्षांनी आठवलं तेव्हा घाबरून शेजारच्या आंटीकडे गेली. आंटी फिश करी ढवळत होती. ‘‘सायबीण कळंतर घेना, बाये,’’ ती म्हणाली. कळंतर म्हणजे व्याज. दुसऱ्या दिवशी दोघी बसने म्हापशाला गेल्या. आईच्या पिशवीत तेलाची एक बाटली होती. तरी जाताना तिने वाटेत आणखी एक घेतलीच.