कुसळ, पळस आणि एक मीटरची चौकट

ऑक्टोबरात सासवड-सुप्याकडच्या माळावर तासभर फिरून या आणि मोजे बघा, कुसळांनी भरलेले असतील. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला लगेच दिसतं म्हणे. मोज्यातलं मात्र टोचल्याशिवाय कळत नाही.

त्यातलं एक उपटून भिंगाखाली धरा. पुढे सुईसारखं टोक, टोकावर मागे वळलेले ताठ केस, आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी. शेपटीला थेंबभर पाणी लावलं की पीळ सुटायला लागतो आणि कुसळ तळहातावर जिवंत असल्यासारखं वळवळतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्री दव, दिवसा ऊन, असं करत करत कुसळी गवताचा दाणा जमिनीत स्वतःला पेरून घेतो, आणि केसांमुळे तो मागे सरकत नाही. उन्हाळ्यात वणवा वरून निघून जातो. गवताची आग झरझर पुढे सरकते, माती फार आतपर्यंत तापत नाही. दाणा वाचतो.

इतकी जय्यत तयारी असलेल्या गवताला ‘तुटलेल्या जंगलाची उरलीसुरली खूण’ म्हणणं मला पटत नाही. सलग गवत आणि त्यात विरळ हिवर, बोर, पळस: ही सॅव्हाना आहे, स्वतःच्या हक्काची परिसंस्था. सरकारी नकाशांत तिची नोंद बहुतेकदा ‘पडीक’ अशी होते, कारण नकाशा उभ्याने काढलेला असतो.

माळाचा अभ्यास गुडघ्यांवर बसून करावा लागतो. टेप अंथरायची, ठरावीक अंतरावर 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट ठेवायची आणि आतलं एकेक रोप नोंदवायचं. हे पावसाळा सरताना, गवतं तुऱ्यावर असताना करायचं. तुरा नसेल तर मारवेल कुठलं आणि पवन्या कुठलं, यावर जाणकारही घुटमळतात. मग पातं खोडापासून सुटतं तिथला पातळ पडदा तपासत बसायचं. कंबर मोडते.

झाडांचं वय उंचीवरून सांगायचं नाही, हाही धडा इथलाच. गुडघ्याएवढा पळस रोपटं वाटतो, पण बुंध्याशी उकरलं तर खाली चांगलं जाडजूड मूळ निघतं. वरचा भाग जळतो, तोडला जातो, आणि मूळ पुन्हा फुटवा काढतं. सलग काही वर्षं आग चुकली तर शेंडा ज्वाळांच्या वर जातो. पुढचं काम खोडाची जाड साल सांभाळते.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आगीने झाडांचं काय होतं, याच प्रश्नावर 1954 पासून प्रयोग चालू आहे: काही तुकडे दरवर्षी जाळायचे, काही दोन-तीन वर्षांनी, काही अजिबात नाही. जास्त पावसाच्या भागात न जाळलेल्या तुकड्यांवर झाडोरा दाटला, कोरड्या भागात फरक त्यामानाने कमी पडला. म्हणजे आगीचं उत्तर पावसाला विचारल्याशिवाय मिळत नाही.

सावलीचं गणित मात्र सोपं आहे. माळावरची बहुतेक गवतं कडक उन्हात अन्न बनवण्यात तरबेज, आणि दाट सावलीत तितकीच दुबळी. म्हणूनच ‘हिरवाई’साठी माळावर चर खणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावलेली दिसली की एक चौकट त्यांच्या सावलीत ठेवावी आणि एक दहा पावलं बाहेर, उन्हात. बाहेरची नोंदवायला अर्धा तास लागतो. आतली पाच मिनिटांत आटोपते.