कर्करोगाचे अवस्थानिर्धारण

कर्करोगाची मूळ गाठ किती वाढली आहे आणि रोग शरीरात कुठवर पसरला आहे, हे तपासून त्याची ठरावीक वर्गात नोंद करण्याच्या पद्धतीला अवस्थानिर्धारण म्हणतात. ‘कितवी स्टेज?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचा रोख याच वर्गाकडे असतो. ग्रेड ही गोष्ट वेगळी. ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात यावरून ठरते.

मलाशयाच्या कर्करोगाची वर्गवारी ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये मांडली. बहुतेक अवयवांना चालेल अशी टीएनएम पद्धत फ्रेंच शल्यचिकित्सक पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात घडवली. तीत टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसीकाग्रंथी (रोग बहुधा आधी जिथे पोहोचतो त्या छोट्या गाठी) आणि एम म्हणजे दूरच्या अवयवांतील प्रसार. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितकी वाढ किंवा प्रसार अधिक; तिन्ही नोंदी मिळून पहिली ते चौथी अवस्था ठरते. स्तनातील गाठ ३ सेंमी., काखेतील दोन ग्रंथी बाधित आणि अन्यत्र प्रसार नाही, अशा रुग्णाची नोंद सामान्यतः टी२ एन१ एम० अशी होते. नोंदीचा भरवसा मात्र तपासणीच्या कसोशीवर असतो. मोठ्या आतड्याचा काढलेला भाग हाती आल्यावर त्याला चिकटलेली चरबी बोटांनी चाचपून बारीक ग्रंथी शोधाव्या लागतात. किमान १२ ग्रंथी तपासल्या नसतील, तर ‘ग्रंथी निर्दोष’ या निष्कर्षावर फारसे विसंबता येत नाही.

रुग्ण किती काळ जगतात याचा आलेख बहुधा कॅप्लान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांच्या १९५८ च्या पद्धतीने काढतात. अभ्यास संपताना हयात असलेल्या किंवा मध्येच संपर्क तुटलेल्या रुग्णांचा तोवरचा काळही तीत जमेस धरला जातो.

अवस्थावार आकडे मात्र फसवे ठरू शकतात. नव्या तपासण्यांत पूर्वी न दिसणारा बारीक प्रसार दिसू लागला, की काही रुग्ण पहिल्या अवस्थेतून तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत जातात. मागे राहिलेला गट त्यामुळे अधिक निरोगी भासतो, आणि हे नवागत जुन्या प्रगत रुग्णांपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याने त्या गटाचीही सरासरी वाढते. प्रत्यक्षात कोणाचेही आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नसते. अमेरिकी वैद्यकसंशोधक फाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात हे दाखवले आणि त्याला विल रॉजर्स या विनोदी कलावंताचे नाव दिले. म्हणूनच नव्या औषधाची तुलना जुन्या नोंदींशी न करता, त्याच काळात त्याच तपासण्यांतून गेलेल्या आणि यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, वाटणी करून ठरवलेल्या दुसऱ्या गटाशी करतात.