यलो फीवरची लस वेगळी, मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या: केनियाला निघण्याआधी

केनियाची सफारी ठरली की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "ते आफ्रिकेचं इंजेक्शन घेतलंत का?" बहुतेकांनी ते घेतलेलं असतं. लस घेतल्याचं प्रमाणपत्र असलेलं पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरात खोचून ठेवलेलं असतं आणि त्या एका टोचणीत मलेरियाचंही निस्तरलं, असं सगळे धरून चालतात.

ते इंजेक्शन यलो फीवरचं, म्हणजे पीतज्वराचं. मलेरियाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. गल्लत का होते ते समजण्यासारखं आहे. दोन्ही रोग डासांमुळे होतात, दोन्हींची सुरुवात तापाने होते आणि दोन्हींची चौकशी निघण्याआधीच्या त्याच गडबडीत करायची असते. पण एकाचा बंदोबस्त मुख्यतः सरकारला दाखवण्यासाठी आहे आणि दुसऱ्याचा स्वतःच्या जिवासाठी. आपली माणसं पहिला अगदी चोख करतात, कारण तो विमानतळावर विचारला जातो. दुसरा कुणीच विचारत नाही, म्हणून राहून जातो.

यलो फीवर हा विषाणूचा आजार. तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या देणारा तोच, दिवसाढवळ्या चावणारा. या रोगावर नेमकं औषध नाही, पण लस उत्तम आहे. मॅक्स थायलर यांच्या प्रयोगशाळेत १९३०च्या दशकात १७डी नावाचा दुबळा केलेला विषाणू तयार झाला. त्याबद्दल त्यांना १९५१ साली नोबेल मिळालं आणि आजही जगभर त्याच वाणाची लस टोचतात. एक डोस पुरतो.

मलेरिया हा परजीवीचा आजार. तो अ‍ॅनोफिलिस जातीच्या मादीमार्फत येतो आणि ती संध्याकाळ ते पहाट या वेळात चावते. पूर्व आफ्रिकेत फाल्सिपेरम हा जिवावर बेतणारा प्रकार सर्वाधिक आढळतो. यावर प्रवाशांसाठी लस नाही. इथे कुणीतरी म्हणेलच, "अहो, मलेरियाची लस तर पुण्यातच बनते!" खरं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर२१ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. पण ती मलेरियाच्या प्रदेशात वाढणाऱ्या लहान मुलांसाठी आहे आणि तिचे अनेक डोस लागतात. आठ दिवस हत्ती-सिंह बघायला जाणाऱ्या माणसासाठी ती नाही. त्याच्यासाठी गोळ्याच.

आता कार्डाचं. भारतात डेंग्यूचा डास गल्लोगल्ली आहे, पण यलो फीवरचा विषाणू नाही. तो एकदा शिरला तर पसरायला वाहक तयारच आहे, म्हणून या बाबतीत आपलं सरकार फार कडक आहे. यलो फीवरचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि वैध प्रमाणपत्र नसेल, तर उरलेले दिवस अलग ठेवतात. सहाच दिवस का, तर डास चावल्यापासून रोग दिसेपर्यंतचा काळ साधारण तीन ते सहा दिवसांचा असतो. केनिया त्या यादीत आहे. नैरोबीहून मुंबईचं थेट विमान सहा-साडेसहा तासांत पोचवतं, त्यामुळे या नियमातून सुटका नाही.

गंमत अशी, की खुद्द केनिया हे कार्ड धोक्याच्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतं आणि भारत त्या देशांत मोडत नाही. म्हणजे मुंबईहून सरळ केनियाला जाऊन सरळ परतणाऱ्याला कार्डाची खरी गरज जाताना नव्हे, मुंबईत उतरताना पडते. दौऱ्यात आणखी एखादा देश असला की चित्र बदलतं. मसाई मारा करून सेरेंगेटीत उतरायचं असेल, तर टांझानिया तुम्हाला केनियातून आलेला प्रवासी मानतं आणि सीमेवर कार्ड मागतं. युगांडा तर एक वर्षावरच्या प्रत्येकाकडेच मागतं. केवळ टांझानियाला जाणाऱ्यानेही विमान कुठून बदलायचं आहे ते पाहावं. नैरोबी किंवा अदिस अबाबात लांब मुक्काम पडला तर तोही मोजला जाऊ शकतो.

कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं. ही अट सगळ्यात जास्त लोकांना अडचणीत आणते. शुक्रवारचं विमान आणि सोमवारी लस, असं चालत नाही. जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर धरतात. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते चालतं. लस नेहमीच्या डॉक्टरांकडे मिळत नाही, फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते. मुंबईत विमानतळाचं आणि बंदराचं आरोग्य कार्यालय आहे, गोव्यात मुरगाव बंदराचं आहे. इतर शहरांतली केंद्रं आरोग्य मंत्रालयाच्या यादीत सापडतात. अनेक केंद्रं आठवड्यातल्या ठरावीक वारीच लस देतात, कारण अनेक डोसांची कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे आधी फोन करा आणि पासपोर्ट घेऊन जा. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रातून बाहेर पडायच्या आत ताडून पाहा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, मूळ कार्डच जवळ ठेवा.

ही जिवंत विषाणूची लस आहे आणि ती कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, कमजोर प्रतिकारशक्ती, गरोदरपण, नऊ महिन्यांखालचं बाळ, अशा बाबतीत आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. साठीच्या पुढच्यांनीही. पहिल्यांदाच घेणाऱ्या ज्येष्ठांमध्ये गंभीर दुष्परिणाम दुर्मीळ असले, तरी तरुणांपेक्षा ते जास्त दिसतात. निवृत्तीनंतर सफारीला निघालेले आई-बाबा नेमके याच वयाचे असतात. वैद्यकीय कारणाने लस टाळली तर डॉक्टरांचं सूटपत्र मिळतं, पण ते म्हणजे लस नव्हे. परतल्यावर त्याचं काय करायचं, हे विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. अशा वेळी केनियाऐवजी दुसरा देश निवडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मलेरियाच्या गोळ्यांना ना कार्ड, ना शिक्का. घरच्या डब्यातली क्लोरोक्विन तिथे उपयोगाची नाही, पूर्व आफ्रिकेतला फाल्सिपेरम तिला केव्हाच दाद देईनासा झाला आहे. डॉक्टर साधारण तीनांपैकी एक औषध देतात. डॉक्सीसायक्लिन रोज एक, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हीही रोजची, पण परतल्यावर सातच दिवस. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. नैराश्याचा किंवा फिटचा इतिहास असलेल्यांना मेफ्लोक्विन देत नाहीत.

डॉक्सी आपल्याकडे सहज मिळते आणि स्वस्त आहे, पण तिचे नखरे आहेत. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. अ‍ॅसिडिटीची किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर नको. तिच्यामुळे कातडी उन्हात चटकन भाजते. विषुववृत्ताजवळ, दीड हजार मीटर उंचीवर, छत उघडलेल्या गाडीत दिवसभर उभं राहायचं असताना हे विसरून चालणार नाही; टोपी आणि सनस्क्रीन हवंच. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. अ‍ॅटोव्हाक्वोनची गोळी महाग पडते आणि प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून औषधाची चौकशी महिनाभर आधी करावी.

खरी मेख परतल्यानंतरच्या गोळ्यांत आहे. आठ दिवसांच्या सहलीसाठी डॉक्सी धरली तर हिशेब अडतीस दिवसांवर जातो. घरी येऊन बॅगा रिकाम्या झाल्या, फोटो टाकून झाले, की तिसऱ्याच दिवशी पाकीट कपाटात जातं. पण डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात दडतो आणि काही दिवसांनी रक्तात उतरतो. डॉक्सी आणि मेफ्लोक्विन त्याला रक्तातच गाठतात, म्हणून तो उतरेपर्यंत औषध चालू लागतं. अ‍ॅटोव्हाक्वोनची जोडी यकृतातही काम करते, म्हणून तिथे आठवडा पुरतो.

"आम्हाला काय, डासांतच वाढलोय" हे वाक्यही ऐकू येतं. मलेरियाविरुद्ध येणारी प्रतिकारशक्ती अर्धवट असते, वारंवार लागण होत राहिली तरच टिकते आणि मलेरियाच्या भागापासून दूर गेलं की ओसरते. ठाण्या-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती मिळत नाही. २०२३ साली जगभर मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली बहुतांश आफ्रिकेत.

दोन्ही रोगांचे नकाशेही एकमेकांवर बसत नाहीत. मोंबासाचा किनारा घ्या. यलो फीवरच्या दृष्टीने तिथे जाणाऱ्याला एरवी लसीचा आग्रह धरत नाहीत, मलेरिया मात्र तिथे भरपूर. सुमारे १,८०० मीटरवरच्या नैरोबीत दोन्हींचा धोका कमी. मसाई मारा आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला दोन्हींचा विचार करावा लागतो. उत्तरेकडच्या इसिओलोत तर मार्च २०२२ मध्ये यलो फीवरची साथ जाहीर झाली होती. भारताचा कायदा मात्र हे बारकावे पाहत नाही. नैरोबीत दोन दिवसांची बैठक करून आलात तरी कार्ड हवंच, मग गोळ्या लागोत न लागोत. किनाऱ्यावर मात्र कार्ड खिशात असूनही गोळ्यांवाचून गत्यंतर नाही.

मच्छरदाणीचंही तसंच. ती रात्रीच्या अ‍ॅनोफिलिसपासून वाचवते, दुपारी लॉजच्या बागेत बसल्यावर चावणाऱ्या एडिसपासून नाही. अंगाला लावायचं डीटयुक्त (डीट म्हणजे डास दूर ठेवणारं रसायन) मलम आणि पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे दोन्ही वेळा कामी येतात.

परतल्यावरच्या तापाबद्दल थोडं. लसीनंतर आठवडाभरात येणारी कणकण बहुधा लसीची असते आणि जाते. केनियात पाऊल टाकल्यापासून सातव्या दिवसानंतर, आणि पुढचे निदान तीन महिने, ताप आला तर तो मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरिया समजावा, गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी. मसाई मारातलं विल्डबीस्टचं स्थलांतर जुलै ते ऑक्टोबरचं, म्हणजे नेमका आपला डेंग्यूचा हंगाम. प्लेटलेट दोन्हींत घसरतात, त्यामुळे डॉक्टरांचं लक्ष डेंग्यूकडे जाणं स्वाभाविक आहे. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य "मी केनियाहून आलोय" हे असू द्या आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी मागून घ्या. ती निगेटिव्ह आली आणि ताप हटला नाही, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त द्या, गरज पडली तर तिसऱ्यांदाही.