सहावा मेंबर : लू पर्लमन, बॉय बँड आणि ठेवीदारांचे पैसे

‘द बॉय बँड कॉन’ हा माहितीपट मार्च २०१९मध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्याच महिन्यात यूट्यूबवर आला. दिग्दर्शक आरन कुंकल. निर्मात्यांत लान्स बासचं नाव आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. बास हा ‘एनसिंक’ या गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरांच्या बॉय बँडमधल्या पाचांपैकी एक, म्हणजे ज्याच्यावर ही फिल्म आहे त्या, असे बँड काढणाऱ्या लू पर्लमनने ज्यांना लुबाडलं त्यांच्यापैकीच एक. त्यामुळे फिल्मचा राग साहजिकच गाणाऱ्या मुलांच्या बाजूने आहे. पण पर्लमन तुरुंगात गेला तो या मुलांमुळे नव्हे. त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली ती ठेवीदार आणि बँका बुडवल्याबद्दल. मुलांशी केलेले करार कागदोपत्री कायदेशीर होते. ही दोन प्रकरणं एकमेकांत कशी गुंतली होती, ते समजायला गाण्यांच्या आधीपासून सुरुवात करावी लागते. आणि ती सुरुवात चक्क हवाई फुग्यांपासून होते.

पर्लमनचा जन्म १९५४चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फ्लशिंगचा. गायक आर्ट गारफंकल त्याचा आतेभाऊ, आणि हे नातं तो आयुष्यभर सांगत राहिला. घराजवळच्या छोट्या विमानतळावर जाहिरातीचे प्रचंड हवाई फुगे, म्हणजे ब्लिंप, उतरायचे. ते बघत तो मोठा झाला आणि पुढे त्याच धंद्यात शिरला. जॉर्डाश या जीन्सच्या कंपनीसाठी त्याने १९८०मध्ये एक ब्लिंप उडवला. तो न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळला. १९३७मध्ये हिंडेनबर्ग हे महाकाय जर्मन हवाई जहाज जळून पडलं तेही लेकहर्स्टलाच. विमा कंपनीशी कोर्टात काही वर्षं भांडून पर्लमनने पंचवीस लाख डॉलर मिळवले. मधल्या काळात, १९८५मध्ये, त्याने ‘एअरशिप इंटरनॅशनल’ कंपनी शेअर बाजारात आणून लोकांकडून तीसेक लाख डॉलर उभेही केले होते. आकाशात काहीतरी मोठं आणि चकचकीत दाखवायचं आणि जमिनीवर पैसे गोळा करायचे, ही त्याची रीत तेव्हाच ठरून गेली होती.

‘ट्रान्स कॉन्टिनेंटल एअरलाइन्स’ ही त्याची दुसरी कंपनी. तिच्या ताफ्यात भरपूर विमानं आहेत असं तो गुंतवणूकदारांना सांगायचा. विमानकंपनी जवळजवळ कागदावरच होती. माहितीपत्रकातल्या फोटोतलं दिमाखदार विमान हे खेळण्यातलं मॉडेल होतं, हे नंतर उघड झालं. भाड्याच्या विमानांची मध्यस्थी मात्र तो खरोखर करायचा. त्यातूनच ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ हा बॉय बँड त्याचं गिऱ्हाईक झाला. मिसरूड फुटलेल्या या पोरांना खाजगी विमान परवडतं कसं, असं त्याने विचारलं, आणि रेकॉर्ड, दौरे, टी-शर्ट, पोस्टर यांतून किती पैसा येतो ते ऐकून तो चक्रावला. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा, तेव्हा त्यात मीठमसाला असणारच. पण पुढचं खरं आहे. १९९१मध्ये त्याने धंदा फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला हलवला आणि १९९२मध्ये तिथल्या ‘ऑर्लँडो सेंटिनल’ या वर्तमानपत्रात गाणारे तरुण मुलगे हवेत अशी जाहिरात दिली.

जागा त्याने बरोबर हेरली होती. ऑर्लँडोत डिस्ने, युनिव्हर्सल, सीवर्ल्ड. करमणुकीच्या या बागांमध्ये रोज गाणारी-नाचणारी, दिसायला देखणी आणि कमी पैशांत राबणारी पोरं हवी असत, म्हणून ती तिथे येतही असत. केव्हिन रिचर्डसन डिस्नेत काम करत होता, ख्रिस कर्कपॅट्रिक युनिव्हर्सलमध्ये गात होता, जस्टिन टिंबरलेक आणि जेसी शझे ‘मिकी माउस क्लब’ या टीव्ही कार्यक्रमातून तयार झाले होते. १९९३मध्ये ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ उभा राहिला, रिचर्डसन त्यातला. नाव ऑर्लँडोतल्या एका जुन्या बाजारावरून घेतलं. पहिला मोठा कार्यक्रम त्याच वर्षी मे महिन्यात सीवर्ल्डमध्ये झाला. सांभाळायला जॉनी राइट आला, जो आधी ‘न्यू किड्स’बरोबर दौऱ्यांवर होता. १९९५मध्ये पर्लमनने दुसरा बँड काढला, ‘एनसिंक’. बाकीचे तिघे त्यात. पहिल्या बँडला याची कल्पना नव्हती. पर्लमनचा हिशेब सरळ होता: कोकसमोर पेप्सी येणारच, तर पेप्सीही आपलीच का नसावी? दोन्ही बँड आधी युरोपात, खास करून जर्मनीत चालले आणि मग अमेरिकेत आले.

आता करार. गायकाला रेकॉर्डच्या विक्रीवर ठरावीक टक्के रॉयल्टी मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ती हातात कधी पडते, हे ठाऊक नसतं. आधी कंपनीने केलेला खर्च वसूल होतो: स्टुडिओ, व्हिडिओ, प्रवास, कपडे, नाच शिकवणारा, गळा तयार करून घेणारा, राहायचं घर. पोरांना पर्लमन महागड्या हॉटेलात जेवायला न्यायचा, लिमोझिनमधून फिरवायचा, वाढदिवसाला भेटी द्यायचा. ती त्याला ‘बिग पॉपा’ म्हणायची. या पॉपाची प्रत्येक पंगत त्यांच्याच खात्यावर लिहिली जात होती. त्यात तो एकट्यानेच अनेक टोप्या घालून बसलेला. मॅनेजर म्हणून कमिशन त्याचं, निर्माता म्हणून वाटा त्याचा, रेकॉर्ड कंपनीकडून येणारा पैसा आधी त्याच्या कंपनीकडे, गाण्यांच्या हक्कांत हात त्याचा. आणि एवढं करून भरलं नाही म्हणून ‘बॅकस्ट्रीट बॉइज’च्या करारात तो बँडचा सहावा मेंबर होता. स्टेजवर पाचजण घाम गाळणार आणि वाटणी सहांत होणार. या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत निर्लज्ज वाटतं ते हेच कलम, कारण बाकीच्या टोप्यांसाठी निदान काही काम दाखवता येतं.

‘एनसिंक’च्या मुलांना रोजचा भत्ता ३५ डॉलर होता. रेकॉर्ड लाखांनी खपायला लागल्यावर पर्लमनने एका उंची हॉटेलात मोठी मेजवानी ठेवली. पालकांनाही बोलावलं, आणि थाटात प्रत्येकाच्या हातात एकेक लिफाफा दिला. आत दहा हजार डॉलरचा चेक. लान्स बास सांगतो की खोलीवर जाऊन त्याने तो फाडून टाकला. ताशी मजुरीचा हिशेब केला असता तर हॉटेलातला वाढपीही जास्त कमावतो, अशी ती रक्कम होती.

पर्लमनने हे शोधून काढलं नव्हतं. १९५५मध्ये चक बेरीचं ‘मेबेलीन’ गाजलं तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या यादीत डिस्क जॉकी ॲलन फ्रीडचंही नाव होतं. त्याने एक ओळही लिहिली नव्हती. रेडिओवर गाणं वाजवायची ती किंमत होती. आपल्या गाण्याचं पूर्ण श्रेय परत मिळवायला बेरीला १९८६ उजाडावं लागलं. बॉस्टनच्या ‘न्यू एडिशन’ या कृष्णवर्णीय मुलांच्या बँडला पहिल्या मोठ्या दौऱ्यानंतर घरी सोडताना प्रत्येकी १ डॉलर ८७ सेंटचा चेक मिळाला, असं ते सांगत आले आहेत. ते निर्माता मॉरिस स्टारपासून कायदेशीर मार्गाने सुटले. मग त्याच स्टारने त्याच शहरातली गोरी मुलं गोळा करून ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ काढला. म्हणजे ज्या बँडकडे बघून पर्लमनची लाळ गळली, त्या बँडचा जन्मच अशा एका भांडणातून झाला होता. ‘टीएलसी’च्या तिघींनी १९९५मध्ये, त्यांचा अल्बम तुफान खपत असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्रॅमीच्या रात्री त्यांनी पत्रकारांसमोर उभं राहून, एवढ्या रेकॉर्ड विकूनही आमच्याकडे पैसे नाहीत, हे सांगितलं तेव्हा लोकांना आश्चर्य वाटलं. धंद्यातल्या लोकांना वाटलं नाही.

‘मिली व्हनिली’ या जोडीची गोष्ट या संदर्भात वेगळी आहे. फ्रँक फॅरियन हा जर्मन निर्माता, ‘बोनी एम.’ त्याचंच, आणि ते आपल्याकडेही भरपूर वाजलं. त्याने दोन देखण्या तरुणांना ओठ हलवायला उभं केलं आणि आवाज दुसऱ्यांचे वापरले. नोव्हेंबर १९९०मध्ये खरं बाहेर आलं आणि त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं गेलं. त्यानंतर रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांनी दावे केले आणि त्यांना सीडीमागे तीन डॉलरपर्यंत परतावा देण्याची तडजोड मंजूर झाली. गिऱ्हाईक फसलं की कोर्टाला ते लगेच कळतं. गाणारा फसला तर विचारतात, बाबा, सही तुझीच ना?

१९९८मध्ये ‘बॅकस्ट्रीट बॉइज’मधल्या ब्रायन लिट्रेलने नेमकं हे सहीचं ओझं झुगारलं. त्याचं हृदयाचं ऑपरेशन दौऱ्यांसाठी दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. ते त्याच वर्षी मे महिन्यात झालं. वकिलांमार्फत हिशेब मागितला तेव्हा दाव्यात आकडे आले: काही वर्षांत पर्लमन आणि त्याच्या कंपनीने सुमारे एक कोटी डॉलर घेतले, तर पाच मुलांना मिळून तीन लाख. त्या उन्हाळ्यात डिस्ने चॅनलने ठेवलेली मैफल लिट्रेलच्या आजारपणामुळे ‘बॅकस्ट्रीट’ने नाकारली आणि ती ‘एनसिंक’ला मिळाली. अमेरिकेत ‘एनसिंक’ घरोघरी पोचला तो या मैफलीमुळे. म्हणजे एका बँडचा दावा आणि दुसऱ्याचा उदय त्याच काही महिन्यांत, आणि दोन्हीकडे पैसा पर्लमनचाच.

वर्षभरात दुसरा बँडही उठला. पर्लमन आणि बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने ‘एनसिंक’वर १५ कोटी डॉलरचा दावा लावला, नावसुद्धा वापरू देऊ नका म्हणाले. नोव्हेंबर १९९९मध्ये ऑर्लँडोच्या संघीय न्यायाधीशांनी मनाई हुकूम द्यायला नकार दिला, आणि डिसेंबरात तडजोड झाली. ‘एनसिंक’ ‘जाइव्ह’ या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला. मार्च २०००मध्ये आलेला त्यांचा ‘नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड’ (शब्दशः, दोऱ्या न बांधलेला) हा अल्बम पहिल्या आठवड्यात २४ लाख प्रतींनी खपला. हा विक्रम २०१५मध्ये गायिका अडेलने मोडेपर्यंत टिकला. त्या अल्बमचं नाव आणि कळसूत्री बाहुल्यांचे व्हिडिओ कोणाला उद्देशून होते, हे सांगायला नको. आणि तडजोडीच्या अटी गुप्त. ‘बॅकस्ट्रीट’च्याही, ‘एनसिंक’च्याही. कोर्टाने कधी म्हटलंच नाही की हे करार अन्यायाचे आहेत. म्हणून पर्लमन निर्धास्तपणे पुढचे बँड काढत राहिला. २०००मध्ये एबीसी वाहिनीवर ‘मेकिंग द बँड’ या मालिकेत त्याने ‘ओ-टाउन’ हा बँड प्रेक्षकांसमोरच तयार केला.

दोन सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबड्या हातातून गेल्यावर माणूस कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही, कारण त्याचा खरा धंदा वेगळाच होता. ‘ट्रान्स कॉन्टिनेंटल’च्या नावाने तो ‘एम्प्लॉयी इन्व्हेस्टमेंट सेव्हिंग्ज अकाउंट’ नावाची ठेवयोजना चालवायचा. कर्मचाऱ्यांसाठीची योजना असं भासवून ती दलालांमार्फत कोणालाही विकली जायची. फ्लोरिडातले निवृत्त लोक हे मोठं गिऱ्हाईक. व्याज बँकेपेक्षा थोडंच जास्त. ‘सहा महिन्यांत दुप्पट’ वगैरे नाही, म्हणून संशयही नाही. ठेवींना सरकारी विमा आहे, असंही सांगितलं जायचं. तो नव्हता. नवीन ठेवींतून जुन्यांचं व्याज देत हे दोन दशकं चाललं. हिशेबावर ‘कोहेन अँड सीगल’ या लेखापरीक्षकांच्या सह्या असत. अशी फर्मच अस्तित्वात नव्हती. याच बनावट ताळेबंदांवर बँकांनीही कर्जं दिली.

मग बँड कशासाठी? दुकानाच्या काचेत मांडायला. ठेव ठेवायला आलेल्या माणसाला भिंतीवर सोनेरी रेकॉर्ड दिसायच्या, ऑर्लँडोतल्या कार्यक्रमाचा पास मिळायचा, नातीला टिंबरलेकची सही मिळायची. मुलं मालकाला सोडून गेली तरी फोटो भिंतीवरच राहिले. आणि उलट्या दिशेने पाहिलं तर मुलांच्या सुरुवातीच्या वर्षांतली घरं, विमानं, नाचाचे मास्तर हे ठेवीदारांच्या पैशांतून आले. ज्या खर्चाची वसुली मुलांच्या रॉयल्टीतून होत होती, तो खर्च मुळात कोणा म्हाताऱ्याची मुद्दल होती. माहितीपटात गायकांबरोबर ठेवीदारही बोलतात, ते याचसाठी.

२००६मध्ये पैसे परत मागणाऱ्यांना टाळाटाळ सुरू झाली. फेब्रुवारी २००७मध्ये फ्लोरिडा राज्याने कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा पर्लमन देशाबाहेर सटकला होता. जूनमध्ये बालीतल्या एका हॉटेलात एका जर्मन पर्यटकाने त्याला ओळखलं. हॉटेलच्या वहीत त्याने नाव लिहिलं होतं ‘ए. इन्कॉग्निटो जॉन्सन’. ज्या जर्मनीने त्याचे बँड मोठे केले तिथल्याच माणसाने ओळखावं, हा योगायोग. मार्च २००८मध्ये त्याने गुन्हा कबूल केला: कट, काळा पैसा पांढरा करणं, दिवाळखोरीच्या कामात खोटी माहिती देणं. फसवणुकीची रक्कम ३० कोटी डॉलरहून जास्त. मे महिन्यात न्यायाधीश केंडल शार्प यांनी ३०० महिन्यांची शिक्षा सुनावली आणि एक चमत्कारिक सवलत ठेवली: परत केलेल्या दर दहा लाख डॉलरमागे एक महिना माफ. पैसे परत करून तो बाहेर आला नाही. ऑगस्ट २०१६मध्ये, बासष्टाव्या वर्षी, मायामीच्या संघीय तुरुंगाच्या कैदेत हृदयविकाराने वारला.

मुलांशी त्याने लैंगिक गैरवर्तन केल्याचे आरोप २००७मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ने छापले. काहींनी ते नाकारले, खटला कधी झाला नाही, आणि माहितीपटही त्या विषयाला सावधपणे स्पर्श करून पुढे जातो.

माझी तक्रार दुसरी आहे. पर्लमनला एकमेव खलनायक केल्यावर बाकीचे सुटतात. त्याच्याबरोबर ‘एनसिंक’वर दावा लावणारी बीएमजी ही जगातल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपैकी एक होती, आणि कर्ज देणाऱ्या बँका लेखापरीक्षकाचा पत्ता शोधायलाही गेल्या नव्हत्या. २०२४मध्ये नेटफ्लिक्सने याच विषयावर तीन भागांची मालिका आणली. तिच्यात पर्लमनचं जुनं चित्रण घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याचे ओठ हलवले आणि त्याच्याच पुस्तकातली वाक्यं त्याच्या तोंडी घातली. त्यावर टीका झाली. ते पुस्तक धंद्यात यशस्वी कसं व्हावं याविषयीचं आहे, आणि ते बाजारात आलं तेव्हा ठेवी घेणं चालूच होतं.