एकवीस अंकी संख्येचे दोन अवयव

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. भास्कराचार्यांच्या स्थाननामांत ही संख्या वाचायला घेतली तर 'परार्ध' (एकावर सतरा शून्ये) या शेवटच्या नावापाशीच गाडी अडते. चौदाशे पंचाहत्तर परार्ध होऊन वर उरतेच. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट होणाऱ्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पटाला आणखी तीन घरे जोडली, तर एकूण दाणे नेमके एवढे भरतात: २ चा ६७वा घात उणे १.

१६४४ मध्ये फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत ठोकून दिले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांच्यासाठीच '२ चा तो घात उणे १' ही संख्या मूळ निघते, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज तिला अवयव नसतात. सिद्धता नाही. ती त्या काळी कोणाला जमलीही नसती. ३१ चा निकाल लावायलाच १७७२ साल उजाडले आणि ऑयलरसारखा गणितज्ञ लागला.

६७ बद्दलचे विधान चुकीचे आहे, हे १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी दाखवले. पण कसे? १५ ही संयुक्त संख्या आहे हे पटवताना आपण ३ आणि ५ समोर ठेवतो. ल्युकांनी एकही अवयव दाखवला नाही. त्यांच्या कसोटीचे पुढे गणितज्ञ लेहमर यांनी सुटसुटीत केलेले रूप असे: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा; हे ६५ वेळा करा. शेवटी शून्य उरले तरच संख्या मूळ. इथे शून्य उरत नाही. म्हणजे संख्या फुटते हे पक्के, कुठे फुटते ते मात्र अज्ञात. गणितात याहून चमत्कारिक ज्ञान माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि ते २७ वर्षे तसेच राहिले.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ते एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून खाली बसले, आणि हे शोधायला 'तीन वर्षांचे रविवार' लागले, ही हकीकत गणिताच्या इतिहासावर लिहिणारे एरिक टेंपल बेल यांनी पुष्कळ नंतर लिहिली. बेल गोष्टी रंगवून सांगत, हे लक्षात ठेवलेले बरे.

श्रम मात्र खरेच होते. या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून होतो, आणि त्याला ८ ने भागले की बाकी १ किंवा ७ उरते. एवढी चाळण लावूनही लहान अवयवापर्यंत सात लाखांवर उमेदवार उरतात. कोल यांनी वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) आधारे आणखी बारीक चाळणी केली, हातानेच, अर्थात.

मर्सेन यांच्या यादीत ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते, २५७ चुकून आला होता. ६७ हा ६१ च्या जागी पडलेला छापखान्याचा दोष असावा, अशीही शंका काहींनी घेतली. पूर्ण यादी तपासून झाली ती १९४७ मध्ये: ११ नव्हे, १२ घातांक.